घरात कोंडलेला विस्तव

सुरत शहरालगतच्या भाठा गावात २०२५ साली एका घरात रात्री निजलेली तीन वयस्क माणसे सकाळी उठली नाहीत. घरात आग लागली नव्हती, विषारी अन्न कोणाच्या पोटात गेले नव्हते, बाहेरून कोणी आत शिरले नव्हते. घरात जनरेटर चालू होता आणि त्याचा धूर बंद घरात कोंडला होता, एवढेच या मृत्यूंचे कारण. अशा बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. ‘गुदमरून मृत्यू’ असा त्यांचा ठरीव मथळा असतो. वाचक हळहळतो व पान उलटतो. आम्हीही या मृत्यूंना यापेक्षा अधिक जागा फारशी दिली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. परंतु हे मृत्यू दैवी आपत्तीचे नव्हेत. त्यांची कारणे शंभर वर्षांहून अधिक काळ शास्त्राला ठाऊक आहेत आणि ते टाळण्याचे उपाय सामान्य संसारी माणसाच्या आवाक्यातले आहेत. असे असताना दर हिवाळ्यात, दर सणाला तीच बातमी नव्या गावाच्या नावाने छापावी लागते, म्हणून या विषयाकडे अग्रलेखाची जागा वळविणे आम्हांस आवश्यक वाटते.

भाठा शहराच्या एका अंगाला, तर कामरेज दुसऱ्या अंगाला. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या प्रत्येक मराठी प्रवाशाला कामरेजची चौफुली परिचयाची असते. तापीकाठचे हे गाव एके काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे आणि गायकवाडांच्या कारभारामुळे तेथल्या कचेरीत मराठी कानी पडत असे. आज तेथे मराठी कानी पडते ती वेगळ्या कारणाने. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेत आलेली आणि लिंबायत, उधना या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे जरा बरे दिवस येताच शहराबाहेर घर पाहू लागतात. उसाच्या हंगामात धुळे, नंदुरबार आणि डांग या भागांतील मजुरांच्या टोळ्याही याच पट्ट्यात उतरतात. सुरत महापालिकेची हद्द २०२० साली वाढली तेव्हा कामरेज तालुक्यातील काही गावे शहरात सामील झाली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींतून एक नवे घर जन्मास आले. हे घर स्वच्छ, पक्के, फरशी घातलेले आणि चहूकडून बंद आहे. या घराविषयीच आम्हांला बोलावयाचे आहे. कामरेजला असे घर आहे तसेच ते कल्याणला आहे, नाशिकला आहे, म्हापशाला व मडगावलाही आहे.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, घशाला खवखवत नाही. लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा स्वयंपाकाचा गॅस, यांपैकी काहीही पुरेशा हवेवाचून जळू लागले की तो निर्माण होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेण्याचे काम करते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. परिणामी श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण मेंदूला व हृदयाला प्राणवायू पोचत नाही. आरंभी डोके दुखते, मळमळते, हातापायांतले बळ जाते, विचार मंदावतो. माणसाला धोका उमगावा अशी वेळ येते तेव्हा दारापर्यंत चालत जाण्याची शक्तीच उरलेली नसते. झोपलेल्या माणसाला तर एवढीही सूचना मिळत नाही.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘गॅस गळला’ आणि ‘गॅसने गुदमरले’ या दोन गोष्टी लोक एकच समजतात. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला होता व त्यात मुळातच कार्बन मोनॉक्साइड असे. तो गळला तरी विषबाधा होत असे. आज सिलिंडरमधून किंवा नळातून येणाऱ्या गॅसमध्ये हे विष नसते. तो गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. विष तयार होते ते तो गॅस जळताना, आणि तेव्हा वास येत नाही. म्हणूनच “आम्हांला गॅसचा वास मुळीच आला नाही हो” असे दुःखी नातेवाईक सांगतात ते खरेच असते. गॅसगळतीचा इशारा देणारे जे यंत्र काही घरांत ओट्याखाली बसविलेले असते, तेही या बाबतीत निरुपयोगी आहे. ते दुसऱ्या वायूसाठी केलेले असते.

आता आपण न्हाणीघराकडे वळू. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच अशा नेहमीच्या न्हाणीघरात सुमारे आठ घनमीटर हवा मावते. भिंतीवर टांगलेला सहा लिटरचा गॅस गिझर सतत चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्णपणे जळावयास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दार लावून, खिडकी बंद करून आणि गिझर चालू ठेवून अर्धा तास स्नान केले तर त्या ज्योतीने खोलीतील बहुतेक हवेचा वाटा मागितलेला असतो. ती हवा संपावी लागत नाही. प्राणवायू थोडा उतरताच ज्योत निळ्याची पिवळी होऊ लागते, तिच्यातून विष बाहेर पडू लागते आणि त्याच हवेत माणूस श्वास घेत असतो. हे गणित एखाद्या शाळकरी मुलालाही मांडता येईल. पण घर घेताना, गिझर विकत घेताना आणि तो भिंतीवर ठोकताना ते कोणी मांडत नाही.

मुंबईत बोरिवलीला जानेवारी २०२० मध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध होऊन पडली व पुढे रुग्णालयात दगावली. उत्तर प्रदेशातील मुरादनगर येथे मार्च २०२३ मध्ये रंग खेळून आलेले पतिपत्नी अंग धुण्यासाठी गेले ते न्हाणीघरातच गतप्राण झाले. तेथेही गॅस गिझर होता आणि हवेला वाट नव्हती. यातील रंगाचा दिवस योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अंगाचा रंग लवकर सुटत नाही, स्नान लांबते, गरम पाणी सोडून ठेवले जाते. आपल्याकडे याहून मोठा प्रसंग नरकचतुर्दशीचा आहे. पहाटेची वेळ, थंडीचा पहिला कडाका, अभ्यंगाचे तेल, उटणे, आणि घरातील सहा-सात माणसांनी एकामागून एक केलेले स्नान. गिझर तास-दीड तास थांबत नाही. वारा लागू नये म्हणून खिडकीला फळी किंवा वर्तमानपत्राचा कागद लावलेला असतो. पहिल्याच्या स्नानाला हवा ताजी असते. विष साठत जाते ते शेवटच्याच्या वाट्याला येते, आणि आपल्या घरांत सर्वांना न्हाऊ घालून, तेल लावून, फराळाचे ताट मांडून शेवटी न्हाणीत शिरणारी व्यक्ती कोण असते हे वाचकांस सांगावयास नको.

पूर्वीच्या घरांत हे मृत्यू फारसे ऐकू येत नसत, यावरून पूर्वजांना शास्त्र ठाऊक होते असा अभिमानाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पूर्वी घरांना भेगा होत्या इतकेच. कोकणात आणि गोव्यात न्हाणीघर बहुधा परसदारी असे. चुलीवर हंडा असे, भिंत अर्धी, वर नळ्यांचे किंवा मंगलोरी कौलांचे छप्पर, आणि कौलांच्या फटींतून धूर वर जाई. घाटावर तांब्याचा बंब पेटे तोही बहुधा अंगणात किंवा उघड्या पडवीत पेटविलेला असे. त्या धुराने बायकांचे डोळे गेले, छातीचे विकार जडले, आणि चुलीचा तो धूर घराबाहेर गेला याचा आम्हांला आनंदच आहे. पण तोच धूर एक काम न मागता करीत असे. तो डोळ्यांत झोंबून माणसाला बाहेर पिटाळी. गॅसची ज्योत स्वच्छ दिसते, भांडे काळे होत नाही, ठसका लागत नाही, म्हणून ती निर्धोक आहे अशी समजूत झाली. कौलांच्या जागी स्लॅब आला, लाकडी खिडकीच्या जागी घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची सरकती काच आली, वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीच्या फटी मुद्दाम बुजविण्यात आल्या. घराने आपले श्वास घेण्याचे मार्ग बंद केले आणि विस्तव मात्र होता तसाच आत ठेवला.

हे सांगताना एका नाजूक विषयाला स्पर्श करणे भाग आहे. बाळंतिणीची खोली आपल्याकडे वाऱ्यापासून जपलेली असते. दारे लावून घेतात, कानाला फडके बांधतात, खाटेखाली किंवा जवळ कोळशाची शेगडी ठेवून आईला व बाळाला शेक देतात, आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड टाकून धुरी करतात. या प्रथेतील मायेविषयी आम्हांला आदर आहे आणि शेकाने प्रसूत स्त्रीच्या अंगाला आराम पडतो हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु धूर न करता लालबुंद धुमसणारे निखारे हेच कार्बन मोनॉक्साइडचे सर्वांत सुपीक उगमस्थान आहे. कौलारू माजघरात जी शेगडी निभावून गेली ती स्लॅबच्या बंद खोलीत निभावणार नाही. तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्या माणसाहून जलद चालतो, त्यामुळे विषही त्याच्या अंगात लवकर भिनते. पोटातील गर्भाची स्थिती याहून अवघड. आईच्या रक्तातून हा वायू गर्भाला पोचतो, तेथे तो अधिक प्रमाणात साठतो आणि निघून जावयास अधिक वेळ घेतो, म्हणून आई सावरल्यावरही गर्भाला इजा झालेली असू शकते. घरातील आजी, काकू, आत्याबाई यांना आमचे नम्रपणे सांगणे असे की शेक द्यायचाच तर तो गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. शेगडीच हवी असेल तर निखारे उघड्यावर फुलवून, खिडकी आणि दार दोन्ही उघडी ठेवून, जागेपणी द्यावा, आणि शेक संपताच शेगडी खोलीबाहेर काढावी. आई व बाळ निजली असताना खोलीत निखारा ठेवणे कोणत्याही कारणाने क्षम्य मानू नये.

थंडी जितकी अधिक तितके हे संकट अधिक, हे उघड आहे. श्रीनगरच्या पांद्रेठण भागात जानेवारी २०२५ मध्ये आईबाप आणि तीन मुले असे एक संपूर्ण कुटुंब भाड्याच्या खोलीत असेच संपले. नेपाळात दमण नावाचे एक थंड हवेचे ठिकाण आहे. नाव आपल्या ओळखीचे, पण आपले दमण समुद्रकाठी आणि ते डोंगरमाथ्यावर. तेथे जानेवारी २०२० मध्ये केरळहून गेलेल्या पर्यटकांपैकी आठजण एका खोलीत गॅसचा हीटर लावून निजले आणि आठही जण दगावले, त्यांत चार मुले होती. समुद्रकाठच्या माणसाला बर्फाळ प्रदेशातल्या थंडीची सवय नसते. तो दारे-खिडक्या अधिकच घट्ट लावून घेतो. सुट्टीत काश्मीर-हिमाचलात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. मात्र केवळ थंडीलाच दोष देऊन चालणार नाही. केरळात वटकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका निवासी वाहनात दोघे मृतावस्थेत सापडले. वाहनातील वातानुकूलनासाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासाच्या वेळी त्याच वाहनात प्रयोग करून जनरेटरचा वायू आत कसा शिरला हे दाखवून दिले. वटकऱ्याची हवा आपल्या मालवण-कारवारच्या हवेहून निराळी नाही. भाठ्यातही मारेकरी जनरेटरच होता. जनरेटर घरात, पडवीत, जिन्याखाली किंवा खिडकीजवळ कधीही ठेवू नये, तो घरापासून लांब उघड्यावरच चालवावा. लग्नघरांत आणि गणपतीच्या मांडवात तो कोठे ठेवला आहे हे विचारणारा एक तरी जाणता माणूस असावा.

या विषाचे आणखी एक लक्षण असे की ते दुसऱ्याच्या नावावर खपून जाते. न्हाणीत कोणी पडले की पाय घसरला, फीट आली, हृदयविकाराचा झटका आला असे म्हटले जाते. घरातील सर्वांचे डोके रोज सकाळी जड होते, पोटात ढवळते, तेव्हा पित्त झाले म्हणतात. बाहेर गेले की बरे वाटते आणि घरी आले की पुन्हा तोच त्रास, यावरून घरालाच दोष लागला अशी समजूत होते. मग वास्तुशांत होते, गाऱ्हाणे घातले जाते. ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात १९२१ साली एका ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या घरात पावलांचे आवाज येत, सावल्या दिसत, मुले निस्तेज होत चालली होती. तपासाअंती भूत सापडले ते तळघरातील नादुरुस्त भट्टीत. ‘एकाच घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतो, आणि घराबाहेर तो उतरतो’, हे वाक्य ज्याच्या ध्यानात राहील त्याला निदानाचा अर्धा मार्ग सापडला. अशा घरात देवाला नारळ अवश्य ठेवावा, पण त्याआधी खिडकी उघडून गॅसची ज्योत पिवळी आहे काय, गिझरच्या अंगावर काजळी धरली आहे काय, हे पाहावे.

डॉक्टरांनाही या बाबतीत मदत हवी असते. करोनाच्या २०२०-२१ च्या साथीत घरोघर बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले. ते यंत्र या विषबाधेत फसवते. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ चा आकडा दाखवू शकते. हा आकडा पाहून घरी परत पाठविलेल्या रुग्णाला पुन्हा त्याच न्हाणीघरात पाठविण्यासारखे होईल. म्हणून रुग्णास नेताना “बंद खोलीत गिझर चालू होता”, “रात्रभर शेगडी होती” हे वाक्य नातेवाइकांनी स्वतःहून, न विचारता सांगावे. त्यावरून रक्ताची योग्य तपासणी करता येते. उपचार म्हणजे मुख्यतः शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत या विषाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात, मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तासात ते निम्मे होते. यातील प्रत्येक मिनिटाचे मोल मेंदू चुकवीत असतो. वाचलेल्या काही रुग्णांत आठवड्यांनंतर विस्मरण, चिडचिड, चालण्यातील अडखळ असे परिणाम उद्‌भवतात, म्हणून शुद्धीवर आला की प्रकरण मिटले असे समजू नये. आणि सर्वांत प्रथम, न्हाणीचे दार फोडून आत शिरणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखून आधी खिडकी-दारे सताड उघडावीत, गिझर बंद करावा व बेशुद्ध माणसाला उघड्या हवेत आणावे. एकाला वाचवावयास गेलेला दुसरा तेथेच कोसळल्याची उदाहरणे आहेत. १०८ ला दूरध्वनी करण्याचे काम तिसऱ्याने तोवर करावे.

गृहस्थाने करावयाचे ते थोडक्यात सांगता येते. गॅस गिझर न्हाणीघरात नको. तो बाहेर, उघड्या गॅलरीत, पावसापासून आडोशाला बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. बाहेर बसविणे शक्य नसेल तर विजेचा किंवा सूर्यशक्तीचा हीटर घ्यावा. आपल्या किनाऱ्यावर ऊन हा एवढा मोठा ठेवा असताना न्हाण्याच्या पाण्यासाठी प्राण पणाला लावावे, यात शहाणपण नाही. जुना गिझर काढीपर्यंत एवढे तरी करावे की बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, दार पाच मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच स्नानाला शिरावे. एक्झॉस्ट पंख्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, कारण हवा आत येण्यास वाट नसेल तर तो पंखा बाहेर तरी काय टाकणार? जेथे घरात कोणताही विस्तव जळतो तेथे निजण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारे छोटे यंत्र लावावे. त्याची किंमत घरातील एका नव्या भ्रमणध्वनीच्या मानाने किरकोळ असते. त्याचे आयुष्य ठराविक वर्षांचे असते व ती मुदत संपली की ते बदलावे लागते, हे विकत घेतानाच पाहून घ्यावे.

पण सगळा भार गृहस्थावर टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. ज्या कुटुंबाने हप्ते भरून कामरेजला दोन खोल्यांचे घर घेतले, त्याने वायुवीजनाचे शास्त्र स्वतः शिकून घ्यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. न्हाणीघराला बाहेर उघडणारी खिडकी नसताना नकाशा मंजूर करतो कोण? इमारतीला वापराचा दाखला देताना गॅसची नळी न्हाणीघरात नेलेली आहे काय हे पाहतो कोण? गॅसवर चालणाऱ्या लहान घरगुती गिझरसाठी भारतीय मानक संस्थेने आय. एस. १५५५८ हे मानक २००५ सालीच केलेले आहे. म्हणजे कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती दुकानात आणि भिंतीवर. दुकानदार गिझर विकतो, नळकारागीर तो ठोकून देतो, आणि दोघांपैकी एकालाही ‘हा न्हाणीत बसवावयाचा नाही’ असे सांगण्याचे बंधन वाटत नाही. ब्रिटनमध्ये बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणाऱ्या बंदिस्त उपकरणाखेरीज अन्य गॅस उपकरण न्हाणीघरात बसविण्यास १९९८ च्या नियमांनी मनाई आहे. घर भाड्याने देणाऱ्याला दरवर्षी गॅस उपकरणांची तपासणी करून घ्यावी लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००८ साली धुराडे तुंबून एका कुटुंबातील चौघे दगावले. त्यांच्या आप्तांनी पाठपुरावा केला, आणि २०१४ पासून तेथे घरांत हे सूचक यंत्र लावणे कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे अशा किती कुटुंबांचे शोक चार ओळींच्या बातमीत विरून गेले! महापालिका व नगरपालिकांनी वापराच्या दाखल्यात ही एक अट घालावी, गॅस वितरकांचे तपासनीस नळी पाहावयास घरी येतात तेव्हा त्यांनी गिझरची जागा पाहून तशी लेखी सूचना द्यावी, आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या वार्षिक सभेत रंगकामाच्या निविदेइतका तरी वेळ या विषयाला द्यावा. यांतील कोणत्याही गोष्टीला नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

कामरेजच्या इमारतींपासून थोडे बाहेर गेले की उसाचे शिवार लागते. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात तेव्हा खानदेशातून आणि डांगातून आलेल्या तोडणी मजुरांचे पडाव शेताच्या कडेला पडतात. वीतभर उंचीच्या काटक्यांवर ताडपत्री किंवा प्लास्टिक ताणून केलेली ती खोपटी आमच्या वाचकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिली असतील. या माणसांकडे गिझर नाही व जनरेटरही नाही. पौष-माघाच्या रात्री थंडी वाजते, पांघरूण अपुरे असते, म्हणून चुलीतले निखारे घमेल्यात काढून आत घेतले जातात. पाचटाची झोपडी वाऱ्याला वाट देते, पण चहूबाजूंनी दगड ठेवून दाबलेले प्लास्टिक देत नाही. तेथे मूल दगावले तर ते थंडीने गेले असेच म्हणतील, आणि त्याची नोंद कोणत्याही कचेरीत या विषाच्या नावाने होणार नाही. त्या माउलीला ‘निखारा आत घेऊ नकोस’ असे सांगण्याचा अधिकार ज्याने तिला घोंगडी दिली त्यालाच पोचतो. साखर कारखाने सहकारी आहेत, त्यांच्या संचालक मंडळांत शेतकरीच बसतात, आणि उसाच्या प्रत्येक टनामागे अनेक कारणांसाठी कपात करण्याची त्यांना सवय आहे. या हंगामात टोळ्या उतरण्यापूर्वी प्रत्येक खोपटामागे दोन जाड घोंगड्या व वाऱ्याला वाट असलेला, टेकता येईल असा निवारा देण्याची तरतूद कामरेज आणि बारडोली भागातील कारखान्यांनी आपल्या अंदाजपत्रकात करावी. मुकादमांना उचल देतानाच त्या घोंगड्या हाती ठेवाव्यात, म्हणजे त्या वाटेत दुसरीकडे जाणार नाहीत.